भिंतीपलीकडची तक्रार

अलार्म किंचाळायला लागला आणि पाठोपाठ भिंतीवर ठोका पडला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

"झालं सुरू त्या म्हाताऱ्याचं," सासूबाई पांघरुणातूनच म्हणाल्या. "आता तरी काढ गं तो सेल. त्या डबीने सगळी इमारत डोक्यावर घेतलीय."

सून पलंगावरून सावकाश उठली. तिला सातवा महिना होता. तिने खिडक्या उघडल्या, सासूबाईंच्या खांद्यावर शाल टाकली आणि दोघी जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याने तसं बजावूनच ठेवलं होतं. तो एका कारखान्यात बॉयलरवर होता. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, आणि माणूस बसल्या जागी कसा कलंडतो, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच तीन आठवड्यांपूर्वी या घरात आल्यावर खोकी सोडायच्याही आधी त्याने झोपायच्या खोलीत तो वायू साठला की किंचाळणारं हे यंत्र लावलं होतं.

तो सहाला कामावर जायचा. काल यंत्र सव्वासातला वाजलं, आज पुन्हा सव्वासातला. पंधरा मिनिटांनी ते गप्प झालं. भिंतही गप्प झाली.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. सून त्यांना जिन्यात दोनदा "नमस्कार काका" म्हणाली होती. दोन्ही वेळा ते पाठमोरे, कुलूप लावण्यात गर्क. त्यांनी मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. सासूबाईंनी त्यांचं नाव तुसडोबा ठेवून टाकलं.

संध्याकाळी नवऱ्याने जुनं यंत्र काढून कोरं करकरीत आणलं. तिसऱ्या दिवशी सव्वासातला तेही वाजलं. भिंतीवर ठोके पडले, कालच्यापेक्षा सावकाश. दोन ठोक्यांच्या मधे सुनेला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. चिडलेला माणूस धडाधडा ठोकतो. हे तसं नव्हतं. हे कुणीतरी खूप लांबून, थांबत थांबत ठोकल्यासारखं होतं.

दुपारी गॅसवाला मेकॅनिक मीटर घेऊन आला. खोल्याखोल्यांतून फिरला. आकडा शून्यावरून हलला नाही.

"वहिनी, तुमच्याकडे जळणारं आहेच काय?" तो म्हणाला. "शेगडी विजेची, गिझर विजेचा. मग वायू येणार कुठून?"

"मग हे रोज वाजतं कशाला?"

त्याने मीटर पिशवीत भरला. दारातून मात्र परत फिरून म्हणाला, "सेल काढू नका बरं का. वाजलं की आधी बाहेर पडायचं, मग डोकं चालवायचं."

चौथ्या दिवशी सात वाजल्यापासूनच सून भिंतीकडे बघत बसली होती. सासूबाईंचं डोकं ठणकत होतं. सव्वासात झाले. यंत्र किंचाळलं. दोघी दाराशी गेल्या आणि सवयीने थांबल्या, ठोक्यासाठी.

ठोका पडला नाही.

"सुटलो बाई," सासूबाई म्हणाल्या. "आज शहाणपण आलं तुसडोबाला."

गेले तीन दिवस सून त्या ठोक्यांना घाबरत होती. आज त्यांच्या नसण्याची तिला जास्त भीती वाटली. ती आत वळली, भिंतीवरचं यंत्र उचकटून हातात घेऊन बाहेर आली. पडद्यावर एकशे दहा आकडा होता. उघड्या जिन्यात तो उतरू लागला. नव्वद. साठ. मग तिने यंत्र काकांच्या दाराखालच्या फटीशी धरलं.

शंभर. एकशे ऐंशी. तीनशे.

"आई, खाली चला!"

"अगं, पण झालं काय?"

"आपल्याकडचा नाही तो वायू, त्यांच्याकडून येतोय. चला म्हणते ना!"

तिने दारावर दोन थापा मारल्या, जिन्यातून उतरता उतरता प्रत्येक मजल्यावरच्या घंटा दाबल्या आणि रस्त्यावर येऊन अग्निशमन दलाला फोन लावला. आत शिरायचा मोह तिने पोटावर हात ठेवून आवरला.

जवान मास्क लावून वर गेले. दार फोडल्याचा आवाज खालपर्यंत आला. काका न्हाणीघरात सापडले, गॅसच्या गिझरखाली, भिंतीला टेकून बसलेले. गिझरचा धूर बाहेर नेणारा पाइप सांध्यातून निखळला होता. न्हाणीघराची ती भिंत म्हणजेच सुनेच्या झोपायच्या खोलीची भिंत. नळाच्या पाइपाभोवतीच्या भोकातून विष रोज अलीकडे झिरपत होतं. काकांची नाडी लागत होती, पण जेमतेम.

संध्याकाळी ते शुद्धीवर आले. नवरा-बायको रुग्णालयात गेले तेव्हा काकांची मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तिने सुनेचे दोन्ही हात धरले.

"चार दिवस असंच चाललं होतं म्हणे. आंघोळीला गेले की पाय गळून जायचे, उठताच येईना. गिझर बंद करून कसेबसे सरपटत बाहेर यायचे. आज हात तिथवर पोचलाच नाही. वयामुळे होत असेल असं वाटलं, म्हणून बोलले नाहीत कुणाला."

सून ओशाळली. "आम्हीच चुकलो हो. आमचा अलार्म रोज सकाळी त्यांच्या कानाशी बोंबलायचा. ते बिचारे वैतागून भिंत ठोकायचे, आणि आम्ही आपलं त्यांनाच नावं ठेवत बसलो."



"अलार्म?" मुलगी म्हणाली. "अहो, बाबा ठार बहिरे आहेत."