कॅरिअरवरची काकवी

सणसरच्या भिमाला सायकलीचं भारी वेड. पौषातल्या कडाक्याच्या थंडीतही दिवस उगवताच तो कालव्याच्या कडेनं लासुर्ण्यापर्यंत रपेट मारायचा आणि लालबुंद नाकानं हसत घरी यायचा. बायकोशी तो कधी तसा हसला नव्हता.

प्रयागबाईचा नुसता जळफळाट व्हायचा. तो परतला की ती मागच्या कॅरिअरला हात लावून बघायची. लोखंड ऊबदार असायचं, कुणीतरी नुकतंच उतरल्यासारखं.

"कोन बसतंय मागं?" तिनं एकदा विचारलं. तो नुसता हसला.

मग तिनं गुऱ्हाळातली काकवी आणली आणि पहाटे गुपचूप कॅरिअरला फासली. जी कुणी सटवी असंल, तिचं लुगडंच बोलंल.

भिमा परतला तेव्हा कॅरिअर पुसल्यागत स्वच्छ होतं. प्रयागबाई तडक विहिरीवर गेली. पाणी भरणाऱ्या एकेकीचं लुगडं तिनं मागून न्याहाळलं. डाग कुठंच नव्हता.

घरी येऊन तिनं कनवटीची किल्ली काढली आणि संक्रांतीच्या चंद्रकळेसाठी पेटी उघडली. वरच तिचा लग्नातला हिरवा शालू होता. लग्नानंतर तो तिनं कधी नेसलाच नव्हता. उचलताना तो काकवीनं बोटांना चिकटला. कालव्यावरच्या वाऱ्यासारखा गार होता.

ओसरीवरून, सायकलीपाशी कुणाशीतरी बोलणाऱ्या भिमाचा लाडिक आवाज आला, "अगं, उद्याबी हिरवाच नेस."