बिबट्यानं चाटलेला फोन

बायडाबाईनं पदराखालून फोन काढला आन् मृत्युंजयच्या काउंटरवर पालथा ठेवला.

"ह्याचं नाव बदलून दे."

"फोनचं?"

"न्हाई, माझं! फोनचंच की रं. नातवानं गाण्याचा डबा आणलाय. त्याला हा फोन जोडला की डब्यावर भलत्याचंच नाव येतंय. जावायाच्या मोबाईलात बी तेच. लई येड्यावानी करतोय."

शिरूर कासारच्या स्टँडासमोर मृत्युंजयचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्यानं दारातला मोठा स्पीकर चालू केला आन् फोन त्याला जोडला. स्पीकरच्या काचेवर लाल अक्षरं सरकाय लागली.

"कौशल्याआई," त्यानं वाचलं. "मावशी, तुमी तर बायडाबाई."

"हळू बोल की."

"पन आसं कावून झालं?"

खरं सांगायचं तर दोन शब्दांचं काम व्हतं. बायडाबाईनं बिबट्या आणला.

"औंदा ऊसतोडीला गेलतो न्हवं, तवा. भर दुपारी फडात फोन वाजला. मी कोयता टाकून पळत गेले, तर पुढ्यात बिबट्या बसलेला, आन् फोन चाटतोय! उसाचा रस लागलता ना, गोड लागला आसंल. मी म्हनलं, ठेव खाली, घरून फोन आलाय. ठेवला बी बिचाऱ्यानं गुमान. तवापून ह्याचं डोस्कं फिरलंय."

"मग काचेवर बिबट्याचं नाव यायला पायजे. कौशल्याचं कावून?"

ह्याला बी तिला काहीतरी सुचलं आसतं. पन तेवढ्यात दारात कौशल्याबाईच येऊन उभी राहिली. दोघी एका गल्लीतल्या, ऊसतोडीला बी एकाच टोळीत. बायडाबाईनं फोनवर तळहात ठेवला.

"तू बी हितंच व्हय, बायडे?" कौशल्याबाईनं पिशवीतून आपला फोन काढला. तसाच काळा, तेवढाच, फक्त पोट फुगलेला. "मृत्युंजया, बग बाबा. तासभर बी टिकत न्हाई. आन् आमच्या मालकाचा आवाज घावतो का बग एकदा."

"काकू, मागल्या बारीला सांगितलं की. ह्या फोनात आवाज न्हाईच."

"व्हता रं. बैलाला शिव्या देतानाचा. आमच्या पोरानं, प्रविणनं, चोरून भरून ठेवलता. मालक गेले, तेवढाच मागं राहिलता." तिनं हाताची बोटं पुढं केली. कोयत्यानं घट्टे पडलेली, जाड. "माझ्याच हातानं पुसला गेला. पोरगं म्हनतं, आई, तुला फोन द्यायलाच नको व्हता. खरं हाय त्याचं. ही बोटं काय फोनची हायेत?"

बायडाबाईनं तो आवाज ऐकलता. एकदाच. अंगठा चुकून लागला आन् कौशल्याचा मेलेला मालक उत्तरेश्वर तिच्या उशाखालून वरडला. तिनं फोन गोधडीत गुंडाळला, दोन दिस हात लावला न्हाई. पन परत बी दिला न्हाई.

"कौशल्ये, तू न्हाई पुसला."

"मग कुनी?"

"कारखान्यावर आपुन टपरीत फोन चार्जिंगला लावायचो बग. आपला बॅलन्स दुसऱ्यानं खाऊ नये म्हनून सीम काढून घ्यायचो. डोक्यावर उसाच्या वाढ्याचा भारा, दोनी हात वर, म्हनून सीम दातात धरून आपल्या पाचटाच्या कोपीवर यायचो. तुझा फोन आन् माझा फोन सारखाच. माझी बॅटरी फुगलती. मी माझा तिथंच ठेवून तुझा उचलला आन् त्यात माझं सीम घातलं. चुकून न्हाई उचलला."

कौशल्याबाईला हसू फुटलं.

"झाली सुरू हिची!"

"मघाशी बिबट्या व्हता, काकू," मृत्युंजय बायडाबाईच्या हाताखालून फोन वढून त्यात बोटं चालवत म्हनला.

"मग ह्यात कावून न्हाई गं?"

"ह्यात न्हाई बिबट्या," बायडाबाई म्हनली.

"पन माझ्यासाठी रचलीस बग तू." कौशल्याबाईनं डोळे पुसले. "बरं वाटलं जिवाला."

"घ्या मावशी, झालं तुमचं काम." मृत्युंजयनं स्पीकरकडं बोट केलं. काचेवर नवी लाल अक्षरं सरकत व्हती. "आता बायडाबाई येतंय. कुटं बी जोडा, तुमचाच म्हनून वळखतील."

बायडाबाईला वाचता येत न्हवतं. तरी ती त्या अक्षरांकडं लई येळ बघत राहिली. फोन पदराखाली घालायचा आन् चालाय लागायचं, एवढंच राहिलतं.

तिनं फोनचं झाकण काढलं. नखानं सीम वढलं आन् दातात धरलं, टपरीवर धरायची तसं. मग झाकण लावलं आन् त्या एका ठिकाणी अंगठा दाबला.

"आरं ए मोळ्या! सरळ चाल की, तुझ्या आयला! सासुरवाडीला निघालाय व्हय रं झुलत झुलत?"

स्पीकर फुटंल आसा आवाज. समोरच्या हाटेलातली मानसं कपबशा हातात धरून वळली. उत्तरेश्वर आख्ख्या स्टँडावर बैलाला शिव्या देत व्हता, आन् काचेवर नाव बायडाबाईचं फिरत व्हतं.

कौशल्याबाईनं गडबडीनं पदर डोक्यावर घेतला. मालक समोर आल्यावर घ्यायची तसा.

आवाज थांबला. बायडाबाईनं फोन तिच्या हातात ठेवला आन् तिची जाड बोटं त्याच्यावर मिटवली.

"कावून गं, बायडे?" कौशल्याबाई म्हनली.

बायडाबाईनं दातातलं सीम काढलं न्हाई.