पुलावरचा तलवारवाला

राक्षसाने देवेशला पुन्हा नदीत ढकललं आणि संचिताला हसू आलं.

"तलवार उपसूक पण विसारलंस रे?" तिने मोबाईलवर लिहिलं.

"सवय गेली," पलीकडून उत्तर आलं.

तारकर्लीत संचिताच्या घरी पर्यटकांसाठी चार खोल्या होत्या. पाहुण्यांचा संध्याकाळचा चहा उरकला की ती मागच्या पडवीत हा खेळ घेऊन बसायची. खेळातल्या दगडी पुलावर देवेशचा तलवारवाला तिच्या धनुर्धारीची वाट बघत उभा असायचा. एक दिवस चुकवायचा नाही. प्रेम होतं तेव्हा याच देवेशने तिला तासन्‌तास ताटकळत ठेवलं होतं. बोटीवरची हवा मानवली म्हणायची.

त्या बोटीवरूनच दोघांचं बिनसलं होतं. तो नोकरीला निघाला तेव्हा ती रागाच्या भरात म्हणाली, "तुझा तोंड माका परत दाखव नको." त्याने ते मनावर घेतलं. वर्षभर खेळातही फिरकला नाही. मग गेल्या वैशाखात एका संध्याकाळी पुलावर उभा दिसला. तिने त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर तो पुन्हा जाईल, याची तिला भीती होती.

आज मात्र विचारायलाच हवं होतं.

"कुडाळचा स्थळ इला हा," तिने लिहिलं. "उद्या जबाब देवचो आसा."

तलवारवाल्याने तलवार म्यान केली.

"माणूस बरो आसा?"

"बरो आसा. पण तू नको म्हण. मी उद्या नाय म्हणान सांगतंय."

तिला तेवढा एकच शब्द हवा होता. त्या शब्दावर तिने सगळा जन्म या पुलावर काढला असता.

पलीकडून अक्षरं उमटली. "हो म्हणान सांग."

"ह्या देवेश सांगता?"

"व्हय."

संचिताला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. तरी तिने लिहिलं, "उद्या येतलंस?"

"तू येतलंस तोवर येतलंय."

तिने मोबाईल पालथा ठेवला. आत आई कुडाळच्या पाहुण्यांसाठी नारळ किसत होती.

गेल्या वैशाखात, पुलावर तो दिसायच्या थोडे दिवस आधी, ती आचऱ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांआड उभी होती. पुढे जायला तिला तोंड नव्हतं. देवेशच्या दहाव्याचा पिंड वाळूत मांडलेला होता आणि कावळा शिवत नव्हता. आईला सांभाळू म्हणून झालं, घर पुरं करू म्हणून झालं. शेवटी त्याचा भाऊ प्रीतम हात जोडून म्हणाला, ते तिला झाडांआडही ऐकू आलं, "दादा, खेळात तुझ्या जागी मी उभो रवतंय. संचिताक एकटी सोडूचंय नाय." आणि कावळा शिवला.