दांड्याचं माप

फावड्याचा दांडा सुंदरबाईच्या लिंबोणीशेजारी उभा राहिला आणि लिंबोणीच्या वर दोन बोटं उरला.

"पुढं," शालिग्रामआबा म्हणाले.

नियम आबांचाच होता. कॉलनीच्या बागेत झाडं एकसष्ट, आणि सत्त्याऐंशीच्या त्या वैशाखात धुळ्यात नळ यायचा आठव्या दिवशी. घरटी एक हंडा बागेला द्यायचा ठरलं. हंडे झाले बावीस. तेव्हा रविवारच्या श्रमदानाला जमलेल्या मंडळींसमोर आबांनी फावड्यातून दांडा काढून घेतला आणि सांगितलं, जे झाड या दांड्याएवढं भरेल त्याला चुन्याचं कडं, आणि कडं असेल त्यालाच पाणी. लहान झाडांची मुळं वरवरची, ती या उन्हात तशीही जायची. त्यांना पाजून मोठीही घालवायची का? हिशेब चोख होता. एसटीत तीस वर्षं कंट्रोलर राहिलेल्या माणसाचा हिशेब. सख्ख्या भाचीच्या वऱ्हाडासाठी त्यांनी अमळनेरची गाडी दोन मिनिटं थांबवली नव्हती.

सकाळपासून लोकांनी युक्त्या कमी केल्या नाहीत. झुलाल टेलरनं आपल्या करंजाची फांदी सुतळीनं ताणून उभी बांधली होती. आबांनी सुतळी सोडली, गुंडाळून त्याच्याच खिशात घातली. "शिलाई उसवली, झुलाल." मंडळी हसली. भिकननं शेंडा धरून रोप वर ओढलं, तर आबांनी त्याला विचारलं, घरी पोरांची उंची अशीच वाढवतोस का रे. पुन्हा हशा झाला.

सुंदरबाई मात्र हसली नाही. "दोनच बोटे कमी शे, आबा."

"गाडी दोन मिनिटांनी चुकली काय अन् दोन तासांनी. चुकलीच, अक्का."

लिंबोणीला एकच लिंबू लागलं होतं, सुपारीएवढं. ते तिनं तोडून पदराला बांधलं आणि हंडा उचलून ती मागं जाऊन उभी राहिली.

पुढचं झाड चिंचेचं होतं.

हशा आपोआप थांबला. ही चिंच आबांच्या रत्नानं लावलेली, हळद लागायच्या आदल्या दिवशी. चिंच म्हणजे नातवानं खायचं झाड, लावणाराच्या दाताला ती कुठली लागायला, असं तेव्हा सगळ्यांनी तिला चिडवलं होतं. पुढल्या साली रत्ना सोनगीरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि गेली. बाळही गेलं. चिंच तेवढी राहिली, आपल्या चालीनं, वर्षाला वीतभर.

झुलाल हळूच म्हणाला की एवढं एक झाड मापाशिवाय राहू द्या, कोण काय म्हणणार आहे. आबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी दांडा चिंचेच्या खोडाशी उभा केला.

चार बोटं कमी.

माती भुसभुशीत होती. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन ती आबाच खुरपत असत. दमलेला माणूस काठीवर ठेवतो तसे त्यांनी दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार टाकला. दांडा सावकाश खाली गेला. एक बोट. दोन. चार. चिंचेचा शेंडा दांड्याच्या टोकाला आला.

आबा मान खाली घालून थांबले. एकेकाला ते ओळखून होते. सुतळीचा बदला घ्यायची अशी संधी झुलाल सोडणार नव्हता. भिकन तर वाटच बघत असणार. आता कोणीतरी म्हणेल, आबा, शिलाई उसवली. कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

कोणी म्हणालं नाही. झुलाल आभाळाकडं बघत होता. भिकन चपलेतला खडा काढायला खाली बसला. बावीस घरांची माणसं तिथं उभी होती, आणि एकालाही काही दिसलं नाही.

आबांनी ब्रश चुन्यात बुडवला आणि कडं काढलं. खोड अंगठ्याएवढं, कडं तान्ह्या बाळाच्या हातात बसेल एवढंच झालं. क्षणभर ते त्याकडं बघत राहिले. मग खांद्यावरच्या उपरण्यानं घाईघाईनं पुसून टाकलं. चुना ओला होता, गेला.

"हे नको," ते म्हणाले. "कमी भरतं."

आणि दांडा उपसून पुढच्या झाडाकडं निघाले.

तासाभरात माप संपलं. ऊन चढलं. चुन्याची कडी बघत बघत बायामाणसं हंडे घेऊन पांगली. ओला चुना पुसला की गेल्यासारखा वाटतो; वाळला की वर येतो. चिंचेच्या खोडावर फिकट, फाटकं, पण पांढरं कडं उठलं होतं. सुंदरबाई कमरेवर हंडा घेऊन तिथं उभी होती.

आबा लगबगीनं आले. ते मापात बसत नाही, म्हणाले. पाणी तुमच्या लिंबोणीला घाला, अक्का, मी सांगतो. त्यांचा आवाज विनवणीचा होता. कॉलनीत तसा तो कोणी कधी ऐकला नव्हता.

"जेले चुना, तेले पानी," सुंदरबाई म्हणाली. "तुमनाच नियम शे, आबा."

तिनं हंडा कलता केला. पाणी आळ्यात पसरायच्या आधी दांड्यानं पाडलेल्या भोकात शिरलं. आबा तिथंच उकिडवे बसले. ती ओतत राहिली, आणि भोक काही भरेना.