शेकोटीपुढचा ओटा

“ओटा घालायचा की नाही, ते आत्ता सांग,” म्हाताऱ्या गवंड्याने, उस्ता सेल्मानने, थापी बादलीत टाकली. “एकदा कमान बंद केली की मग माझं डोकं खाऊ नकोस.”

आग्रोन बैठकीच्या खोलीत उभा राहून भिंतीकडे पाहत होता. भिंतीतल्या नव्या शेकोटीचं बांधकाम निम्मं चढलं होतं. कोर्चा शहराच्या वर, डोंगरातल्या त्या गावात शेकोटीपुढे दगडी ओटा नाही असं एकही घर नव्हतं. निखारा उडाला तर दगडावर पडतो, लाकडी जमीन वाचते. थंडीत त्याच ओट्यावर बसून माणसं पाठ शेकतात.

“नको,” आग्रोन म्हणाला. “खुर्चीची चाकं अडतील. जमिनीच्या बरोबरीने एक फरशी टाका, बस.”

त्याची बायको प्रान्वेरा जूनमध्ये चेरीच्या झाडावरून पडली. कमरेखालचं सगळं गेलं. पाच महिने ती राजधानीत, तिरानाच्या इस्पितळात होती आणि येत्या शनिवारी चाकाच्या खुर्चीतून घरी यायची होती. तोवर आग्रोनने दारांचे उंबरे उखडले होते, चौकटी रुंद केल्या होत्या, पायऱ्यांवर उतार बांधला होता. तिला कुठे अडू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“बरोबर केलंस,” त्याची थोरली बहीण मेरेमे म्हणाली. ती कामगारांसाठी कॉफी घेऊन आली होती. “तिला आता शेकोटीशी काय करायचंय? लाकडं आपण घालू. तिने आपलं पांघरूण घेऊन गप बसावं.”

दुपारी प्रान्वेराचा फोन आला. हवापाणी झालं, कोंबड्यांची चौकशी झाली. मग तिने विचारलं, “ओटा किती उंच धरलाय?”

“ओटा नाही घालत आपण.”

“कोणी ठरवलं?”

“आम्ही सगळ्यांनी मिळून.”

“वा! आणि मी कोण, पाहुणी?” ती म्हणाली, “लिहून घे. बावन्न सेंटिमीटर. जाळाची जागाही तेवढ्याच उंचीवर. कडा गोल कर म्हणावं, आणि वरचा दगड चांगला घासून घे.”

“अगं, बावन्न म्हणजे गुडघ्याच्या वर! प्रान्वेरा, ऐक जरा...”

“बावन्न. एकही कमी नको. चल, माझी व्यायामाची वेळ झाली.”

फोन ठेवून आग्रोन दगडांच्या ढिगावर बसला. ती पुन्हा चालू शकणार नाही, हे डॉक्टरांनी त्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती, रडलीही नव्हती. तेव्हा त्याला तिचं कौतुक वाटलं होतं. आता कळत होतं की तिने ते मानलेलंच नव्हतं. उठून उभी राहीन, पूर्वीसारखी ओट्यावर चढून बसेन, असं ती धरून चालली होती. नाहीतर चालता न येणारी बाई गुडघ्याएवढा ओटा कशाला मागेल?

“उस्ता,” तो म्हणाला, “बांधलेलं पाडावं लागेल.”

आकडा ऐकून सेल्मानने टोपी मागे सारली. “पन्नास वर्षं दगड लावतोय. एवढा उंच ओटा कुणी मागितला नाही मला.”

“तिला हवाय.”

“मग घालू,” म्हातारा म्हणाला आणि त्याने हातोडा उचलला.

मेरेमेने मात्र भावाला कोपऱ्यात घेतलं. “वेडी आशा आहे तिची. आज हो म्हणशील आणि उद्या तिला तो ओटा रोज डोळ्यांसमोर बघावा लागेल. खरं काय ते सांगून टाक.”

“तू सांग.”

मेरेमेने कॉफीचे कप गोळा केले आणि ती निघून गेली.

चार दिवस आग्रोनने पाणी आणि वाळू घेऊन वरचा दगड घासला. बोटांची सालं निघाली. आपण बायकोच्या खोट्या आशेला पॉलिश करतोय असं त्याला वाटत होतं, तरी हात थांबला नाही.

शनिवारी सकाळी खोली माणसांनी भरली. शेजारणी भिंतीला टेकून, हातात रुमाल घेऊन तयार होत्या. प्रान्वेरा आत आली. तिने सगळ्यांना नावानिशी हाक मारली, एकीला तर “तू का जाड झालीस गं?” असंही विचारलं. मेरेमे पांघरूण घेऊन पुढे झाली, पण खुर्ची तिला वळसा घालून सरळ शेकोटीकडे गेली.

प्रान्वेराने दगडावरून तळहात फिरवला. मग खुर्ची ओट्याला बाजूने टेकवून लावली आणि चाकांचे ब्रेक दाबले. आता ही उठायला जाणार, सगळ्यांसमोर पडणार. आग्रोन धावला.

“तिथेच थांब,” ती म्हणाली.

तिने खुर्चीचा एका बाजूचा हात काढून ठेवला. एक तळहात दगडावर रोवला, दुसरा खुर्चीच्या बैठकीवर. पाच महिन्यांत तिचे दंड लाकूडतोड्यासारखे झाले होते, ते आग्रोनला आज दिसलं. बैठक आणि दगड अगदी एका पातळीत होते, बरोबर बावन्न सेंटिमीटरवर. तिला वर चढावं लागलं नाही, खाली उतरावं लागलं नाही. ती नुसती सरकली. मग एकेक पाय हाताने उचलून तिने ओट्यावर नीट ठेवला, चिमटा उचलला आणि धुमसणारा ओंडका उलटा केला. जाळ भडकला.

दाराशी उभ्या सेल्मानने टोपी काढली. मेरेमेने पांघरुणाची घडी घातली आणि ते कुठे ठेवावं हे न सुचून छातीशी धरलं.

प्रान्वेराने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं.

“आग्रोन, ती खुर्ची जरा बाजूला घे रे. माणसांना शेकायला यायला अडचण होतेय.”