अकराच जर्सी

मये गावच्या महिला फुटबॉल क्लबाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा जुनी दहा नंबरची जर्सी काचेच्या चौकटीत लावायचे ठरले. खालच्या पट्टीवर खेळाडूचे नाव लिहायचे काम सुंदर अक्षराच्या सिंधूकडे आले. पहिल्या वर्षी क्लबाकडे अकराच जर्सी होत्या. बाराव्या सिंधूला खेळायचे तर मैदानाबाहेर आलेल्या गंगेची घामेजलेली दहा नंबरची जर्सी टॉवेलाच्या आडोशाला चढवावी लागे. पेपरात फोटो मात्र नेहमी गंगेचाच. ते सिंधूला अजून सलत होते. त्या वर्षीच्या फायनलचा एकमेव गोल तर सिंधूनेच मारला होता. तिने ठसठशीत अक्षरांत फक्त आपले नाव लिहिले. गंगा आली, पट्टी वाचून हसली. “बरं केलंस गो. त्या फायनलला माझा पाय मुरगळलाच नव्हता. तुला खेळायला मिळावं म्हणून मी लंगडले.” सिंधूला वाटले, तेवढा एक गोल तरी हिने माझा राहू द्यायचा होता.