बाप्पाची जागा

हेगिष्ट्यांनी दुकानं पालथी घालून आपल्या शिडाच्या बोटीसाठी जीपीएस, इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि होकायंत्र बघून स्वतःच सुकाणू सांभाळणारा ऑटोपायलट आणला. जोडणीला कुणाचा हात लागू दिला नाही. आज बायकोला घेऊन बंदराबाहेर येताच बटण दाबून ते हाताची घडी घालून ऐटीत बसले.

बोट गोल फिरू लागली ती थांबेचना. जेट्टीवरून टाळ्या ऐकू आल्या. हेगिष्टे घामाघूम होऊन वायरी चाचपत राहिले.

शेवटी होकायंत्रापाशी त्यांना गाडीतला गणपती दिसला. त्याच्या आसनाखाली लोहचुंबक होतं आणि होकायंत्र उत्तर सोडून बाप्पाकडेच बघत होतं.

“हा इथे कुणी चिकटवला?”

“मी,” बायको म्हणाली. “पहिलीच फेरी ना.”

त्यांनी हात पुढे केला तसं तिने मनगट धरलं. “थांबा हो. सुरू केलेली प्रदक्षिणा पुरी होऊ द्या.”